ताकाला जाऊन

ओउलूच्या इस्पितळाचं तळघर. बाहेर उणे चोवीस.
इथे सर्व्हरची ऊब, आणि माझे मोजे
मागच्या जाळीवर वाळत घातलेले
(हे कुणाला सांगू नका).

एक वाजून वीस मिनिटांनी कूसामोहून ऐलाचा फोन.
पोटॅशियमचा रिपोर्ट पडद्यावर येत नाहीये.
मघाशी एक आला, आता पुन्हा काहीच नाही.
तिच्या वॉर्डात एक रेनडिअरवाला म्हातारा,
त्याचं काळीज ठेचकाळतंय.
मी यंत्रापाशी धावले, आकडा वाचला,
तिने तळहातावर लिहून घेतला.
सहा पूर्णांक चार.

मग मदत मागायला बसले.
आमचा निम्मा संसार या तळघरात, निम्मा ढगात,
आणि ढगाचा पत्ता गॉलवे, आयर्लंड.
मधली तार ग्दान्स्कच्या बोगुमिवाची.
बोगुमिवा म्हणाली, आमच्याकडे सगळं हिरवं.
फिअक्रा म्हणाला, आमच्याकडे हिरवं.
खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणाले.
तिघांची तीन हिरवळं
आणि म्हातारा बर्फात.

"लॉग पाठव," फिअक्रा म्हणाला.
पाठव म्हणणं सोपं.
लॉग म्हणजे घराची झाडाझडती:
कोण कधी आलं, कुणाचं रक्त,
कुणाला दारातूनच परत लावलं.
रुग्णाचा क्रमांक उंबरठ्याबाहेर जाता कामा नये.
त्यासाठी एक स्क्रिप्ट आहे, माझीच.
सलग सहा आकडे दिसले की काळी पट्टी.
फाइल गेली. परवलीचा शब्द मी वेगळ्या फोनवरून सांगितला,
तेही दबक्या आवाजात, तळघरात एकटी असून.

दहा मिनिटांनी तो हळूच म्हणाला,
"सिर्कू, तुझ्या लॉगमध्ये वेळच नाही."

पाहिलं.
तास, मिनिटं, सेकंद: सलग सहा आकडे.
स्क्रिप्टने प्रत्येक क्षणाला रुग्ण समजून
तोंडावर चादर ओढली होती.
ताकाला गेले होते मी
आणि भांडं इतकं नीट लपवलं
की देणाऱ्याने ओतावं कशात?

मग फोनवरच.
मी माझी ओळ वाचायची, त्याने त्याची.
अमान्य. एक, चौदा, अठ्ठावन्न.
मागितलं. तेवीस, वीस, शून्य.
अमान्य. एक, सोळा, चाळीस.
मागितलं. तेवीस, एकवीस, बेचाळीस.
त्याच्या मागे किटली बोलायला लागली, त्याने ती तशीच बोलू दिली.
"दोन तासांचा फरक धरूनही," तो म्हणाला,
"मी विचारायच्या आधीच तू नाही म्हणतेस."

दोन तासांचं अंतर मला ठाऊक होतं.
पाच मिनिटं दोन सेकंदांचं नव्हतं.

तळघराचं घड्याळ मागे पडत होतं, ऑक्टोबरपासून,
दिवसाला दोन-तीन सेकंद,
वेळ सांगणारा जुना डबा कुणीतरी बंद केल्यापासून.
हलवायच्या सामानाच्या यादीत तो नव्हताच.
काही साठवत नव्हता ना बिचारा, नुसता सांगायचा.
पाच मिनिटांपर्यंतची चूक पोटात घालायची, असा करार.
आज रात्री पोट भरलं.
ढगातून आलेला परवाना आमच्या लेखी
अजून जन्मायचा होता,
आणि न जन्मलेल्याला दार कोण उघडतं.

माझा लॉग खरा होता. त्याचाही.
दोघांना एका टेबलावर बसवेपर्यंत
ते असेच खरे राहिले असते.

घड्याळ पुढे केलं.
पाच मिनिटं दोन सेकंद या तळघरात कधी झालीच नाहीत;
नेमकी कुठली, ते विचारू नका.
पहाटे बोगुमिवाचं पत्र: अजूनही हिरवं.

ऐलाचा फोन आला. म्हातारा झोपलाय, रिपोर्टही दिसतोय.
"हात धुऊ का आता?"
आकड्याशेजारी तिने वेळही लिहिली होती,
वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाची.
थांब, म्हटलं, आधी वाचून दाखव.