चीर

बखूममामाच्या अंगठ्याला
लोखंडाचं एक जादा नख आहे,
चामड्याच्या वादीने बांधलेलं.
उजाडायच्या आत तो झाडावर चढतो
आणि हिरव्या फळांना चीर देत सुटतो.
प्रत्येकाला एकच.
खोल नाही. दुधाचा थेंब यावा, एवढीच.

खाली मी, टोपली धरून.
मानेवर चीक टपकतो, खाज सुटते.

जम्मैझ म्हणतात याला. उंबराच्याच कुळातलं,
फळं थेट खोडाला लगडलेली.
पण नाईलच्या या काठावर
पराग आणणारं ते इवलं चिलट
कुठल्या काळी वाट चुकलं, कोण जाणे,
म्हणून पोटात बी नाही.
आणि बी म्हणजे फळाच्या घरची कारभारीण:
ऑक्सिनचे निरोप तीच धाडते,
वाढ म्हणते, दम धर म्हणते,
आता रंग चढव म्हणते.
इथे सांगणारंच कोणी नाही.
फळ आपलं टणक, सुपारीएवढं,
आणि आत भलत्याच केंबरांचा संसार.

मनसूराच्या कॉलेजात बाईंनी फळ्यावर काढलं:
दोन कार्बन, चार हायड्रोजन.
इथिलीन. जखम झाली की फळ हा वायू सोडतं,
त्याच वायूने पाडाला येतं.
सुट्टीत मी मामाला सगळं सांगितलं,
हातवारे करून.
तो नख दगडावर घासत होता.
"वायू? असेल.
माझा बाप म्हणायचा, फळाला राग आला पाहिजे.
राग आला की फुगतं, लाल होतं,
आणि चौथ्या दिवशी
कशाचा राग होता तेच विसरतं."

चौथ्या दिवशी लिंबाएवढी झाली होती सगळी.
केंबरांना पंख फुटायच्या आत
आम्ही ती उतरवली.
एक मात्र फांदीच्या बेचक्यात राहून गेलं,
मामाच्या नजरेतून सुटलेलं,
हिरवं, निब्बर, अंगावर ओरखडा नाही.
मी ते दाखवलं. तो म्हणाला, "राहू दे."

परत जाताना दोन फळं रुमालात बांधून नेली.
होस्टेलवर अफाफची केळी होती,
आठवडाभर हिरवीच, काठीसारखी;
त्यांच्या पिशवीत रुमाल टाकला आणि झोपले.
परवा सकाळी ती ओरडत उठली,
"इरिनी, केळ्यांना काय केलंस?"

खोलीभर वास होता.
मी रुमाल सोडला,
काळी पडलेली चीर तिला दाखवली.
ती म्हणाली, "ही तर मिटलीसुद्धा."
आणि केळं सोलायला लागली.