गुरुवारच्या मुली

दर गुरुवारी साडेदहाला त्या येतात
चर्चच्या तळघरात, भट्टीच्या घरघरीत,
एकसारखे जांभळट स्वेटर, छातीवर तीन ग्रीक अक्षरं
जी आमच्या वर्गात कुणालाच वाचता येत नाहीत.
मलाही नाही.
"हा डोंगर आहे," त्रिकोणावर बोट ठेवून ब्रायर म्हणतो,
आणि टेगन म्हणते, "हो ना, आणि आम्ही वीसजणी
या डोंगराखाली एका घरात राहतो.
बाथरूम मात्र तीनच."

मी इथली मदतनीस. सफरचंदं चिरते,
नाकं पुसते, उलटे बूट सुलटे करते.
किर्क्सव्हिलमध्ये सहा हिवाळे काढले
तरी वाचून दाखवायला मला कुणी सांगत नाही.
त्यांच्याकडे दोन अक्षरं आहेत तिथे
माझ्याकडे एकच व.
मुलं चुकीचं शिकतील, असं कुणी बोललं नाही.
बोलायची गरज पडली नाही.

खरं सांगते, आधी त्या मुली मला आवडल्या नव्हत्या.
तास भरायला येतात, वाटायचं.
पंधरा भरले की फोटो, केक, टाळ्या.
फोटोत पुस्तक सरळ, मूल हसरं,
आणि गालिच्यावरचा तो क्यू,
ज्यूस सांडून सांडून शेपूट गेलेला,
तो कुणाच्याच फोटोत येत नाही.

त्यांच्यात एक मार्लीस.
उंच, खांदे पाडून बसणारी.
नेहमी तेच पुस्तक घ्यायची, बर्फ ढकलणाऱ्या आळशी गाडीचं,
आणि न बघता पानं उलटायची.
जानेवारीत इत्झेलनं दुसरंच आणून तिच्या मांडीवर आदळलं.
देवमाशांचं. जाड. मुंग्यांसारखा मजकूर.

मार्लीसनं पान उघडलं.
थांबली.
तवा तापलाय का बघावं तसं
एका शब्दाला बोट लावलं, काढलं.
शब्दाचा पहिला तुकडा. पुन्हा पहिलाच तुकडा.
मानेवरची लाली कानापर्यंत चढली.
मी सुरी खाली ठेवली.

मुलं हसली नाहीत.
शब्द अडतात यात चार वर्षांच्या माणसाला
काही नवल वाटत नाही.
इत्झेल फक्त सरकली, चित्र बघून म्हणाली,
"तो श्वास घ्यायला वर आलाय."
"हो, तेच लिहिलंय," मार्लीस म्हणाली. मग म्हणाली,
"थांब. तेच लिहिलंय का, बघू आपण."
आणि दोघी
गारठलेली गाडी सुरू करावी तशा,
किल्ली फिरव, पुन्हा फिरव, पुन्हा.
पाऊण पानाला वीस मिनिटं.
ओडेल झोपून गेला. ब्रायरनं मोजा काढून चघळला.
श्वास घ्यायलाच आला होता तो.

कोट चढवताना मार्लीस मला हळूच म्हणाली,
"मला चौथीत वाचता यायला लागलं.
तोवर पाठ करायचे. घरी कळलंच नाही कुणाला."
आणि तासांचा कागद पुढे केला, सहीसाठी.
पंधरा लागतात. तिचे एकेचाळीस झाले होते.

काय झालं कोण जाणे,
बँकेत करते ती वळणदार इंग्रजी सही
हातातून आलीच नाही.
मी लिहिलं, उज्ज्वला पेंढारकर,
वर रेघ ओढून, शाळेत ओढायचे तशी.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला.
"हे कुठून वाचायचं?"
मी तिचं बोट धरून उ वर ठेवलं.
"इथून. आणि घाई नको.
इथे दोन ज आहेत, दोन्ही अर्धे.
मी तिसरीपर्यंत एक गाळत होते."

तेवढ्यात इत्झेल आमच्या मध्ये घुसली,
एका पायात बूट, एक हातात.
त्या रेघेवरून तिनं बोट नेलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि कागद उलटून पाहिला,
मागे पुढचं काही आहे का.