पिवळी बादली

पैसे एकाच अवजाराचे आहेत.
आयर्लंडात अकरा हिवाळे अळंबी खुडून
गाठीला बांधून आणलेले.
त्यातून छप्पर झालं, दोनात्सचे दात झाले,
उरले ते एवढे :
नांगर, नाहीतर रोटाव्हेटर.

ट्रॅक्टर आमचा पंचवीस घोड्यांचा, निळा,
सामूहिक शेती मोडली तेव्हा वाटणीत आलेला.
थंडीत त्याला उठवायला
किटलीभर गरम पाणी आणि दोन शिव्या लागतात.
रान दीड हेक्टर. तीन अंगांना बर्च, चौथ्या अंगाला तळं.
लाटगालेत बर्फ वितळलं की
मातीतून दगड वर येतात,
कुणी पेरत नाही, तरी ते पीक कधी बुडत नाही.

रेझेक्नेच्या दुकानात रोटाव्हेटर लाल आहे.
विकणारा पोरगा म्हणाला, एकदा फिरवा मावशी, माती पिठासारखी.
दोनात्स त्याच्या रंगावरून हात फिरवत राहिला
घोडीच्या मानेवरून फिरवावा तसा.
नांगर ब्रोनिस्लावाच्या गोठ्यामागे, दोन फाळांचा,
कमरेएवढ्या गवतात उभा.
वर एक पोतं बेण्याचे बटाटे देते म्हणाली.

मी म्हटलं, हरळी माजलीय रानात.
रोटाव्हेटर एका मुळीचे वीस तुकडे करील
आणि वीसच्या वीस जगतील.
नांगर तिला उताणी पाडून गाडतो.
तो म्हणाला, आणि ढेकळं कोण फोडणार,
तुझा आयरिश मुकादम?
मी म्हटलं, दगड.
तो म्हणाला, पाती बदलता येतात.
मी म्हटलं, पिठासारखी माती एका पावसात पापडासारखी वाळते.
तो म्हणाला, अनेले, तू अकरा वर्षं इथे नव्हतीस.

हे अवजाराबद्दल नव्हतं.
सूप गार झालं.

शनिवारी दोन्ही मागून आणले, एकेक पट्टा करून बघू म्हणून.
रोटाव्हेटरनं देखणं काम केलं, खोटं कशाला बोलू.
मध्येच दगड लागला, खण्ण, पीन तुटली,
तरी मागचा पट्टा नुकत्याच घातलेल्या चादरीसारखा.
मग नांगर.
काळी ओली माती कूस बदलत गेली,
मागून करकोचे आले, सहा,
पंचांसारखे गंभीर, हात पाठीमागे बांधल्यासारखे.

आणि मी तासाकडे पाहिलं.

ज्या दोनात्सचं तास दाखवायला
बाबा शेजाऱ्यांना बांधावर बोलवायचे,
त्याचं तास मधोमध तळ्याकडे कललं,
मग दचकून परत आलं.
तो खाली उतरला. मागे वळून बघितलं नाही.
जोडणी सैल आहे, म्हणाला.
जोडणी मीच आवळली होती.

रोटाव्हेटर सगळं सारखं करून टाकतो,
कोण कुठे चुकलं ते शोधायला काही उरत नाही.
नांगर लिहून ठेवतो,
रस्त्यावरून जाणारा दूधवालासुद्धा वाचत जातो.

डोळ्यांचं कधीपासून, मी विचारलं नाही.
रात्री त्यानं चहा ओतला
कपाच्या आत बोट धरून.
बोट पोळलं तेव्हा थांबला.

सकाळी ब्रोनिस्लावाला पैसे देऊन आले.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही,
मांजराशी मात्र बरंच बोलला.

तिसऱ्या दिवशी मी रानाच्या पल्याडच्या टोकाला जाऊन उभी राहिले,
अळंबीच्या शेडमधून आणलेली पिवळी बादली
डोक्यावर पालथी घालून.
आत प्लास्टिकचा वास, माझाच श्वास,
आणि इंजिन.
लांबून येतंय. दगडावर उडालं. सावरलं. येतंय.
मान अवघडली तरी हलले नाही.

अगदी पुढ्यात येऊन थांबलं.
बादलीवर दोनदा टकटक झाली.
"एक पाऊल डावीकडे सरक," तो म्हणाला,
"पुढचं तास तिथून."