नाव काढ

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत, बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून
बसलेल्या सर्व्हरवर सतरा स्क्रिप्टा होत्या.
डिझेलच्या कोट्याला एक, लिलावाच्या पावत्यांना दोन,
एक नुसतीच 'नवीन', एक 'नवीन२',
आणि एक 'हात-लावू-नये',
जिला रोज कुणाचा तरी हात लागायचा.

सगळ्या मोडून मी एक केली. नाव ठेवलं धक्का.
मग सगळ्यांनी नावं ठेवली.
पण चालायची. धक्का, जागा सोडून एक क्रियापद:
धक्का मोज. धक्का भर.
सोपं वाटलं होतं.

रात्री पावणेदोनला तन्वीर मुकादमनं लिहिलं,
धक्का नाव काढ.
त्याला यादीतून एक नाव वाचायची होती,
बारक्या चोगल्यांची, टोकनासाठी खोळंबलेली.
मी 'काढ' लिहिलं तेव्हा माझ्या मनात 'पुसून टाक' होतं.
यंत्राच्या मनात काहीच नव्हतं.
त्यानं काढली.

सकाळी वहीवरून सगळं पुन्हा चढवताना
तन्वीर रागावला नाही. बशीत चहा ओतत म्हणाला,
"दहावीला बसलो तेव्हा मामू म्हणालेले, घराण्याचं नाव काढ.
बरं झालं मॅडम, तुमच्या मशीनला नाही म्हणाले."

त्या दुपारी मी क्रियापदं लिहून काढली
(घ्या, इथेही तेच).
दात काढतात, चित्र काढतात, कर्ज काढतात,
खोडी काढतात आणि मग समजूतही,
आणि काही न जमलं तर दिवस.
एवढ्याशा शब्दात किती माणसं कोंबलेली,
शेवटच्या होडीत असतात तशी.
'लाव' घ्यावं तर दिवा, रोप, भांडण.
'बोट दाखव' वाचून पावशांची हेमांगी
पावतीपुस्तकावर डोकं ठेवून हसली.
शासकीय कोशातून 'निष्कासन' आणलं.
पोटफोड्या ष कुठल्या बटणावर,
हे तन्वीरला सापडेपर्यंत बर्फाचा एक ट्रक निघून गेला.

बाळोबा तांडेल जाळं सांधत बसलेले.
त्यांना विचारलं, होडीवर शब्द कसे ठरवता?
"ठरवतंय कोण? रात्री, वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात
खलाशाला अर्धाच शब्द पोचतो.
अर्ध्यावर हात बरोबर गेला, तर तो शब्द ठेवायचा.
ओढ आणि सोड कधी एका सुरात ओरडू नये.
ओढ तोडायचा. सोऽऽड लांबवायचा.
नाहीतर दोरात बोट जातं."
बोलताना त्यांनी हात वर केला.
मी बोटं मोजली नाहीत.

आता आहे ते असं:
बघायचं तर वाच. यादीत घ्यायचं तर चढव.
यादीतून घ्यायचं तर उतरव, आणि
उतरवलेलं कोपऱ्यात पडून राहतं, परत म्हटलं की येतं.
'काढ' लिहिलं तर धक्का विचारतो, वाच की उतरव?
हेमांगी म्हणते, शेवटी गावचा झाला,
प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो.

आणि एक आहे कायमचं-पुसून-टाक.
मुद्दाम लांब, हाताला कंटाळा येईल असं.
पुढे होडीचं पूर्ण नाव हातानं लिहावं लागतं.

मेअखेरीस बारक्या चोगल्यांनी होडी विकली,
लाकडाच्या भावानं. अर्ज घेऊन खिडकीशी उभे राहिले.
तन्वीर लिहायला लागला, कायमचं-पुसून-टाक,
मग दर्या, मग भवा,
आणि तिथे थांबला. काच पुसली, जी स्वच्छ होती.
बारक्या खिडकीतून पडद्याकडे बघत होते,
राहिलेल्या अक्षराकडे.

तन्वीरनं ओळ मागे खोडली.
"आज नुसतं उतरवतो, काका," म्हणाला.
"बाकीचं बघू पावसानंतर."