मनगटीचं माप

मेल्टन रोडवरचं माझं दुकान, लेस्टर,
शनिवार, शटर वर करून दहाच मिनिटं झालेली.
मॉरीन पेग आल्या, छत्री दाराबाहेर टेकवली
आणि पर्समधून काढून काउंटरवर ठेवली
प्लास्टिकची एक अरुंद पट्टी.
दवाखान्यातली. आडनाव, तारीख,
कात्रीनं कापलेलं टोक.
"ऋजुतानं पाठवलंय," म्हणाल्या,
आणि तळहातावर पेनानं लिहून आणलेला सुनेचा शब्द
अडखळत वाचला:
मन. गट. या.

नात सात आठवडे आधीच आली होती.
काचेच्या पेटीत होती.

बार्शीला आप्पा कधी मोजत नसत.
बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा,
सांध्यांवरून एकदाच दाबायचं. "दोन-सहा."
म्हणजे दोन इंच सहा आणे.
आणे बाजारातून उठले, बांगडीत राहिले.
माप व्यासाचं,
आणि हाताला कुठे असतो व्यास?
हात चपटा, हाडांचा, बाळंतपणानंतर वेगळा,
भांडी घासून आल्यावर वेगळा.
दोन आणे वाढले की घेर सेंटीमीटरभर वाढतो
हे मला इथे येऊन, फुटपट्टी धरून कळलं.
आप्पांच्या अंगठ्याला ते ठाऊक होतं.

पट्टी सरळ केली.
मोकळा झालेला परीघ, एका रेघेत.
बटण लागलं होतं त्या भोकापर्यंत मोजलं:
सहासष्ट मिलिमीटर.
साताने गुणलं, बावीसने भागलं.
एकवीस. बाकी शून्य.
इतकं गोड उत्तर फक्त पाठ्यपुस्तकात येतं,
म्हणून पुन्हा मोजलं.
मग गल्ल्यातलं वीस पेन्सचं नाणं काढलं, सात बाजूंचं.
त्याहूनही किंचित बारीक.
मॉरीननी ते नाणं उचललं,
तर्जनी आणि अंगठ्यात धरून
बराच वेळ उजेडाकडे पाहत राहिल्या.

मणी काळे-पांढरे, तीन मिलिमीटर जाडीचे.
दोरा कातडीवरून जात नाही,
मण्यांच्या पोटातून जातो,
म्हणून घेराहून थोडा जास्त लागतो.
किती? साडेनऊ मिलिमीटर.
मनगट एकवीसचं असो की पैलवानाचं,
की सबंध पृथ्वीला मनगटी घालायची असो,
मणी तेच असतील तर
जास्तीचा दोरा तेवढाच.
हे मी मॉरीनना सांगितलं. का कोण जाणे.
त्या म्हणाल्या, "पृथ्वीचं राहू दे."

वर ढिलाईला आठ.
"नेमकं मोजावं," आप्पा म्हणायचे,
"आणि ओवताना जरा विसरावं."
अठ्ठावीस मणी झाले.
दुसऱ्या हाताचे अठ्ठावीस.
गाठ मेणात बुडवली, टोक जाळलं.
पैसे घेताना माझा हात अवघडला, पण घेतले;
फुकट दिलं असतं तर
मी काहीतरी गृहीत धरलंय असं वाटलं असतं.

नऊ आठवडे गेले.
पट्टी त्या विसरून गेल्या होत्या,
ती मी बिलांच्या तारेला न टोचता
वेगळी ठेवली होती.

मग एका मंगळवारी त्या आल्या
आणि दारातूनच, नवीन पाठ केलेला शब्द:
"वाढली."

माझा हात फळीवरच थांबला.
आमच्या धंद्यात काच फुटत नाही.
फुटली असं म्हणायचंच नसतं.
वाढली म्हणतात.

मॉरीनना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.
त्या पर्समध्ये शोधत होत्या,
रुमाल, बसचा पास, खोकल्याच्या गोळ्या,
मग लोकरीचा पिवळा तुकडा, मध्ये एक गाठ,
आणि गाठीपर्यंत मोजायचं, असं बोटानं दाखवत होत्या.
अठ्ठ्याऐंशी.
साताने गुणायचं राहिलं.

"आणि हे तुमचं," त्या म्हणाल्या,
"त्या दिवशी माझ्याच मुठीत राहिलं."
वीस पेन्स.
"आता फार लहान पडतं."

मी ते गल्ल्यात टाकलं.
संध्याकाळी हिशोबाला बसले, तेव्हा
बाकीच्यांत ते कुठलं
सांगता आलं नाही.