शेळीच्या कानावरचा केस

हेल्दुरने दोन घेतल्या.
एक फोडायला, एक तशीच ठेवायला.
पुठ्ठ्याची पेटी, आत चकती, चकतीखाली चोपडी,
पाठीवर सोनेरी आकडा : सातशेपैकी एकशे बारा.
दुसरीवर एकशे तेरा. ती त्याने मांडीवर धरली होती
अंडी धरावीत तशी.

तार्तूच्या वाचनालयातली मागची खोली,
बाहेर एमायोगी नदी, अर्धी गोठलेली.
आम्ही नऊजण, आणि दाराशी कोट न काढता बसलेली
एक म्हातारी, जी चुकून आली असं सगळ्यांना वाटलं.

सिनेमा तुम्हाला ठाऊक नसणार.
एक शेळी गोठलेल्या समुद्रावरून
दीपगृहाचा दिवा पलीकडच्या बेटावर नेते.
एवढंच. एकोणीस मिनिटं. कुणी बोलत नाही.
आमच्याकडे पोरांना सर्दी झाली की
मध घातलेलं दूध आणि ही शेळी, असा उपचार होता.

राइमोने दोन पडदे लावले, शेजारी शेजारी.
डावीकडे त्याची कॅसेट, एकोणनव्वद साली टीव्हीवरून उतरवलेली,
उजवीकडे नवी चकती, न्हाऊ-माखू घातलेली.
आणि अकराव्या मिनिटाला,
शेळी मागे वळून पाहते तिथे,
डावं आभाळ हिरवं. उजवं निळं.

पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणणं उदारपणाचं.
"हिरवंच खरं. त्या हिरव्यात मी लहानाची मोठी झाले," मारिका म्हणाली.
"फीत जुनी झाली की हिरवी पडते, तांब्याच्या भांड्यासारखी," तोनिस.
"मूळ निगेटिव्हवरून केलंय. चोपडीत आहे, पान एकतीस."
"आणि चोपडी कुणी लिहिली? ज्याला विकायचंय त्याने."
लीस्बेत सतरा वर्षांची, तिने शेळी फक्त फोनवर पाहिलेली,
ती म्हणाली, माझ्याकडे तर जांभळं होतं.
तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चहावर साय धरली. तेव्हा म्हातारी म्हणाली,
"त्या गुरुवारी निळा संपला होता."

नाव उर्वे. रंग भरायला होती, सहा वर्षं.
"लेनिनग्राडहून खोका आलाच नाही.
बरण्यांच्या बुडाशी होतं ते खरवडून कालवलं.
नखं आठवडाभर तशीच."
"म्हणजे हिरवं!" मारिका उठलीच.
"म्हणजे निळ्याकडे झुकणारं," तोनिस.
ती दोन्ही पडद्यांकडे पाहत राहिली,
कल्ला उचलून मासा पाहावा तशी.
"खोलीत दिवे पिवळे होते, बाळांनो.
आणि नोव्हेंबर. चार वाजता काळोख.
तो रंग मी उजेडात कधी पाहिलाच नाही."

राइमोने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"पण केस कुठे गेला?" ती म्हणाली.

डावीकडे शेळीच्या कानावर एक बारीक रेघ थरथरते,
आठ चौकटी, सेकंदाचा तिसरा हिस्सा.
आम्ही तिला वारा म्हणायचो.
मारिकाने त्या वाऱ्यावर चार पानी लेख लिहिला होता.
उजवीकडे कान स्वच्छ.

"लेइदाचा तो. कॅमेऱ्याखाली वाकायची, टोपी घालत नसे.
बोलणी खाल्ली बिचारीने.
पुन्हा काढायचं तर फिल्म शिल्लक नव्हती."

चोपडीतली नावं तोनिसने दोनदा वाचली, बोट फिरवत.
लेइदा नाही. उर्वेही नाही.
शेळीचं बें-बें काढणारे गृहस्थ आहेत, फोटोसकट.

राइमोने कॅसेट मागे घेतली. पुढे. मागे.
यंत्र कण्हू लागलं. आम्ही वाकून बसलो.
आला. गेला.
"सोनेरी होता?" लीस्बेतने विचारलं.
"भुरा. उंदरासारखा. तिला स्वतःलाच आवडत नसे."

सव्वाआठला कुलूप घालायला माणूस आला,
त्यालाही दाखवला.

हेल्दुरने दुसरी पेटी फोडली नाही.
फोडेल, तिला देईल, असं आम्हाला वाटलं होतं.
त्याने ती कोटाच्या आत सरकवली, बटणं लावली,
आणि निसरड्या पायऱ्या उतरून बसथांब्याकडे निघाला,
एक हात छातीवरच्या पेटीवर,
दुसऱ्या हातात उर्वेचं कोपर.