अर्धी गोळी

औषधांच्या काउंटरमागे सतरा वर्षं उभी आहे,
त्यामुळे गाव मला आतून ठाऊक.
कोणाचं रक्त घट्ट, कोणाची झोप उडालेली,
कोणाच्या पोराला वसंतात श्वास पुरत नाही.
पगारातला निम्मा तोंड मिटून ठेवण्याचाच असावा.

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, नदीकाठी आमची कागदगिरणी;
वारा फिरला की गावभर उकडलेल्या कोबीचा वास.
गेल्या हिवाळ्यापासून दुकानात एक वस्तू भराभर खपायला लागली:
गोळ्या कापायचं निळं प्लास्टिकचं यंत्र,
तीन डॉलर नव्वद सेंट.
वर्लिन ड्रॉबनिकने नेलं, मग त्याच्या मेहुणीने,
मग जवळजवळ अख्ख्या रात्रपाळीने.
"डॉक्टरांनी अर्धी सांगितली का?" मी विचारलं.
"डॉक्टरांनी नाही," वर्लिन म्हणाला,
"बिलाने."

गिरणीचं पत्र मी वाचलंय.
येर लोरने ते काउंटरवर पसरलं,
चष्मा विसरल्याचं निमित्त करून.
तासाला चाळीस सेंट वाढ, ठळक अक्षरांत.
खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
विम्याचा हप्ता दुप्पट
आणि पहिले सहा हजार डॉलर ज्याचे त्याने भरायचे.
हातावर आवळा, काखेत आपलाच कोहळा.
शेवटी सही, सहीच्या वर एक ओळ:
आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे.
येरने ती मला दोनदा वाचायला लावली.
दुसऱ्यांदा ती हसली.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं
आणि मुंगीच्या पावलांनी जातं, म्हणतात.
दुखणं निदान जातं.

संप सुरू झाला, आणि एक तारखेला
माझ्या पडद्यावर लाल पट्टी: विमा बंद.
दुसरं नाव टाकलं, विमा बंद.
वर्लिनचं इन्सुलिन माझ्या हातात, गार,
वजन नसल्यासारखं.
मध्ये दीड हात काउंटर.
मी ते परत फ्रीजमध्ये ठेवलं.
हे सांगायला मला बरेच दिवस लागले.
मी ते परत फ्रीजमध्ये ठेवलं.

कोणत्याही बाजूने बोलू नये, अशी नोटीस
आमच्या मालकांनी चहाच्या खोलीत लावली होती.
साडेचारला पाळी संपली, उजेडही तेव्हाच संपला.
पांढरा कोट काढायचा राहून गेला,
असं मी नंतर सांगितलं.
खरं तर बटणं नीट लावून निघाले,
छातीवर नावाची पट्टी तशीच: सोल्वेग,
मी आपली काय मदत करू?

गेटसमोर पिंपात फळ्या जळत होत्या. उणे चौदा.
टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत.
येरने जरा सरकून जागा दिली,
बाकावर देतात तशी.
"साखर किती?" मी वर्लिनला विचारलं.
"चर्चच्या तळघरात वर्गणी जमली. शुक्रवारपर्यंत पुरेल."
"आणि नंतर?"
त्याने पिंपात आणखी एक फळी टाकली.

सहाच्या सुमारास ओंडक्यांचा ट्रक आला, परगावचा.
ड्रायव्हरने काच खाली केली.
"एवढं कशासाठी चाललंय?"
घोषणांना तोंडं उघडेनात, ओठ गोठलेले.
येर पुढे झाली, हातमोजा काढला,
आणि तळहातावर धरली
अर्धी गोळी.
कापलेली कड खडबडीत.
हेडलाइटच्या झोतात मीठ सांडल्यासारखी दिसली.
तो बघत राहिला.
"आमच्या घरीही अशीच कापतात," म्हणाला,
"बायको मला सांगते, डॉक्टरांनीच कमी केली."

रस्ता अरुंद, दोन्हीकडे बर्फाचे ढीग.
ट्रक वळवायला त्याला
अकरा वेळा पुढेमागे करावं लागलं.
आम्ही मोजलं, सगळ्यांनी, मोठ्याने;
सातव्याला चाक घसरलं तेव्हा
कोणीतरी चिनी, कोणी नॉर्वेजियन, कोणी नुसतीच शिवी दिली.
मग मागचे तांबडे दिवे पुलावरून दिसेनासे झाले.
एक ट्रक. पहाटे आणखी येणार होते.

येरने गोळीवरचा बर्फ फुंकला
आणि ती डबीत परत ठेवली.
उद्याची होती.